लाल चिंध्यांच्या चार क्यारी

“वरच्या तुकड्यात यंदा लसूण लागणार नाही,” दादा म्हणाले. “तिथे अवंती चना पेरणार. झालं बोलून.”

त्यांचं झालं असेल, माझं झालं नव्हतं. मी टोपली ओट्यावर आपटली. टोपलीत ऊटी जातीच्या लसणाच्या पाकळ्या होत्या, चार दिवस बसून निवडलेल्या, सगळ्या जाड, एक पोचट नाही. अर्ध्या अंगणात सांडल्या. आई वेचायला बसली.

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना, शाळा सुटली तर सुटली, वरचा तुकडा तुझा, त्यात काय लावायचं ते तू ठरव. मागच्या वर्षी म्हणालात विहिरीला पाणी कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. हेच पुढचं वर्ष आहे. दादा ओट्यावर बसून बुटातली माती झटकत होते. वर न बघता म्हणाले, तिच्या कॉलेजचं काम आहे, त्याला मार्क आहेत, तुझा लसूण काय, विहिरीमागे लाव.

विहिरीमागे नुसते दगड. तिथला लसूण आवळ्याएवढा पण होत नाही. दादांना हे माहीत नाही असं नाही.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडिलांना दादाच म्हणतात, पहिल्यापासून. नालछ्याहून मांडूच्या रस्त्याला लागलं की सहा किलोमीटर आत आमचं गाव. अवंती माझी चुलत बहीण. तिचे वडील, योगेंद्र काका, वीस वर्षांपूर्वी देवासला फॅक्टरीत गेले ते तिकडचेच झाले. ती शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्या पोरांना शेवटी दहा आठवडे गावात एका शेतकऱ्याच्या घरी राहावं लागतं. तो करतो ते सगळं करायचं, रोज डायरी लिहायची, पानापानावर शेतकऱ्याची सही घ्यायची, स्वतःचा एक लहान प्रयोग लावायचा. मग सर येऊन बघतात नी मार्क देतात.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलोच. मतलब खत टाकायचे मार्क. मोटर चालू करायचे मार्क. दहावी सुटल्यापासून मी दुसरं काय करतोय? मला तर आत्तापर्यंत पीएचडी मिळायला पाहिजे होती.

आई म्हणाली हसू नको, तिचं बरंच अडकलंय. मातीचा पेपर दोनदा राहिला होता तिचा. आता हे दहा आठवडे चांगले गेले, मार्क वर आले, तरच एमएससीच्या परीक्षेला बसता येणार होतं. नाहीतर काका तिला देवासला बँकेच्या क्लासला घालणार होते. तसं त्यांनी फोनवर दादांना सांगून टाकलं होतं. म्हणजे तिचं सगळं त्या दहा आठवड्यांवर टांगलेलं, नी ते दहा आठवडे माझ्या तुकड्यावर.

ती आली ती एक सॅक, एक रजई नी एक लोखंडी टेप घेऊन. माझी खाट तिला गेली. मी ओसरीत, युरियाच्या पोत्यांशेजारी. घरातला मोठा बल्ब तिच्या टेबलावर गेला. टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन, वर फळी टाकून. संध्याकाळी आई मला सांगायची, हळू बोल, ताई लिहितेय. मी दहावीत होतो तेव्हा त्याच मशीनवर आई ब्लाउज शिवायची, खडखड खडखड, नी मी बाजूला बसून गणितं करायचो. तेव्हा हळू कोणी केलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिचे हात फुटले. फावडं ती झाडूसारखं धरायची, दोन्ही हात वर. मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तळहाताचे फोड फुटून फावड्याच्या दांड्याला रक्त लागलं, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं आता जाईल देवासला. तिने हळद भरली, वरून ओढणी गुंडाळली नी परत क्यारीत, म्हणजे वाफ्यात, उतरली. त्या दिवशी संध्याकाळी दादांनी तिला फावडं कसं धरायचं ते दाखवलं. एक हात खाली, जोर खांद्यातून. मी शिकलो तेव्हा मला कोणी दाखवलं नव्हतं, मी फोडांवरूनच शिकलो.

फोटो पण लागायचे तिला डायरीत लावायला. ते मी काढायचो. मी पाट ओढून दारं धरायचो, घामाने भिजायचो, मग ती फावडं माझ्या हातातून घेऊन उभी राहायची. कुंपणापलीकडून गणोजी बघायचा. त्याचं शेत आमच्याला लागून. ओरडून म्हणायचा, काय विपुल भिया, मॅडमचे असिस्टंट झालात काय, पगार किती ठरला. मी एकदा ढेकूळ उचललं होतं त्याच्यावर. दादांनी नुसतं बघितलं, मी टाकून दिलं.

पण हे सगळं चाललं असतं. मला जाळलं ते वेगळ्याच गोष्टीने.

एक दिवस दादा तिला घेऊन क्यारीत बसले. मूठभर माती उचलली, दाबली, हात उघडला. म्हणाले, लाडू झाला तर ओल आहे. आपोआप फुटला तर पाणी दे. बोटांना चिकटला तर थांब, मुळं गुदमरतात. ती म्हणाली का. दादांनी का ते सांगितलं. तिने लिहून घेतलं, मग अजून एक का विचारलं. त्यांनी तेही सांगितलं. चन्याला पहिलं पाणी चाळीस दिवस का द्यायचं नाही, तर मुळाला पाण्याच्या शोधात खाली जाऊ द्यायचं असतं, लाडावलेलं मूळ वरच राहतं. अर्धा तास बोलत होते. हातवारे करत होते. एकदा हसले.

मी मोटरच्या खोपीत उभा राहून ऐकत होतो. मला त्यांनी पाणी द्यायला शिकवलं ते असं: दे. बंद कर. डोळे फुटले काय. बस्स, एवढंच. चाळीस दिवस थांबायचं हे मला माहीत होतं, का थांबायचं हे मला त्या दिवशी कळलं, ते पण चोरून. माझा बाप एवढं बोलतो हे सतरा वर्षांत मला पहिल्यांदा समजलं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? कोणाला माहीत. मला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

निंदायला मी नी ताई दोघंच असायचो. ती बोलायची. म्हणे वर्गात नव्वद जण, सर इंग्रजीत लिहून देतात, आम्ही उतरवतो. माती काचेच्या बरणीत, बरणी कपाटात, कपाटाला कुलूप. पाठ करायचं नी लिहायचं, प्रश्न जरा फिरवला की संपलं. हॉस्टेलच्या खोलीत चौघी, एक झोपलेली, एक फोनवर. म्हणे मातीच्या पेपरात मी दोनदा राहिले नी तोपर्यंत मी माती मुठीत धरून बघितलीच नव्हती. इथे काकांना, म्हणजे दादांना, विचारलं की सांगतात, मग लगेच करून बघता येतं, मग ते डोक्यातून जात नाही.

मी म्हटलं, छान आहे की. नी खुरपी अशी जोरात मारली की चन्याचं एक रोप पण उडालं. तिने बघितलं. रागावली नाही, खिशातून वही काढली नी लिहिलं, क्यारी सात, एक झाड कमी. त्याचाच मला जास्त राग आला.

एकदा तिने एका चौरस मीटरात अडतीस झाडं मोजली. मी लांबूनच म्हटलं एक्केचाळीस. परत मोजली, एक्केचाळीस निघाली. पानाखाली दाबलेली तीन तिला दिसली नव्हती. डायरीत आकडा एक्केचाळीस गेला. कोणी मोजली ते गेलं नाही.

तिची मैत्रीण अंकिता अमझेऱ्याकडच्या एका गावात होती, म्हणजे कागदावर. गावात ती तीनदाच गेली. मागच्या वर्षीच्या एका मुलीची डायरी मिळाली होती तिला, तारखा बदलून उतरवून काढली नी एका बैठकीत सगळ्या सह्या करून घेतल्या. फोनवर ताईला सांगायची की मूर्ख आहेस, सगळे असंच करतात, सरांना पण माहीत आहे, मार्क सगळ्यांना सारखेच. ताईने हे जेवताना हसत हसत सांगितलं. दादा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सही करायच्या आधी तिचं पान वाचायला लागले, ओळीखाली बोट धरून, हळूहळू. माझी एक वही त्यांनी कधी उघडली नव्हती.

वरच्या तुकड्यात तिने बारा क्यारी पाडल्या होत्या. प्रत्येक क्यारीला खुंटी, खुंटीला आईच्या जुन्या पदरांची चिंधी. निळी चिंधी म्हणजे दोन पाणी. पिवळी म्हणजे एक. लाल म्हणजे शेवटपर्यंत कोरडी. चार चार. बघायचं हे होतं की चना किती पाण्यात भागवतो. डिसेंबर संपेपर्यंत बाराही क्यारींना फूल आलं. डॉलर चना, म्हणजे मोठा काबुली, झाडं गुडघ्याच्या खाली, पण ठोस.

मग तो रविवार आला. दोन दिवस उत्तरेचा वारा होता, बोटं वाकत नव्हती. दुपारी तीनला वारा एकदम पडला. आकाश धुतल्यासारखं, ढगाचा तुकडा नाही. दादा अंगणात उभे राहून वर बघत म्हणाले, आज पाला पडणार. आमच्याकडे पाला म्हणतात. पहाटे पानांवरचं दव गोठतं नी दुपारपर्यंत झाड उकडल्यासारखं काळं पडतं. ओल्या जमिनीत ऊब राहते, म्हणून आधीच्या संध्याकाळी पाणी देतात, बांधावर धूर करतात. आम्हाला खाली दोन बीघे बटला, म्हणजे मटार, वाचवायचा होता, फुलावर आलेला, नी वरचा तुकडा. लाइट साडेपाचच्या पुढे कधीही जाणार होती.

मी म्हटलं, खाली धूर करा, वर मी सगळ्यांना पाणी देतो. ताईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, लाल क्यारींना पाणी दिलं तर प्रयोग संपला. नाही दिलं तर त्या जळतील. काका, तुम्ही सांगाल तसं.

दादांनी भुशाच्या पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाले, “जळू देत. जळल्या तर जळल्या असं लिही. ते पण उत्तरच आहे.”

मी ऐकत उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी मला मोटरवर डोळा लागला नी मिरचीची एक ओळ, एकच, सुकली. तेव्हा दादांनी मला त्या ओळीतलं एकेक झाड उपटायला लावलं, घरी आणायला लावलं नी आईसमोर ओळीने मांडायला लावलं. शेजारची माणसं बघायला आली होती. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नी आता फुलावर आलेल्या चार क्यारी, जळू देत. कारण ते तिच्या वहीत जाणार.

दादा, आई नी ताई पोती नी भुसा घेऊन खाली बटल्याकडे गेले. मी वर एकटा. पिवळ्या नी निळ्या क्यारी भिजवल्या. फोनमध्ये पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मोटर चालू होती. मी पहिल्या लाल क्यारीपाशी उभा होतो. जमिनीला बोटभर भेगा, पानं खाली वळलेली, नी तरी त्या झाडांनी फुलं धरलेली. लाल चिंधी माझ्या मांडीला लागत होती. मी फावड्याने बांध उघडला.

खुन्नस किती होती नी चन्याची दया किती, मला वेगळं करता येत नाही. आधी खुन्नस आली, एवढं पक्कं. मला वाटलं, घे, आता लिही. पाणी भेगांत उतरताना आवाज येतो, तान्हं मूल दूध पितं तसा. तो ऐकला नी मग मला थांबवेना. दुसरी उघडली. तिसरी उघडली. चौथीचा बांध फोडला, पाणी तोंडाशी आलं नी लाइट गेली. पाटातलं उरलंसुरलं वीतभर आत गेलं, तेवढंच.

मी चारही बांध परत लिंपले. पावलं फावड्याच्या पाठीने पुसली. घरी जाऊन हात धुतले नी जेवलो. ताईने विचारलं सगळं झालं ना, मी मान हलवली.

सकाळी सगळं पांढरं होतं. ऊन आलं, पांढरं उतरलं, नी अकरापर्यंत पाल्याने कुठे हात मारला ते दिसायला लागलं. गणोजीचा चना कुंपणापर्यंत काळा. आमच्या पिवळ्या, निळ्या उभ्या. तीन लाल उभ्या. चौथी लाल उकडलेल्या पालकासारखी आडवी, फक्त तोंडाशी वीतभर हिरवी. पावलं पुसून काय फायदा. मी काय केलं, कुठपर्यंत केलं, सगळं जमिनीवर लिहिलेलं होतं.

दादा उकिडवे बसले. पहिल्या लाल क्यारीत बोट घातलं, ते दोन पेरं आत गेलं. मला वाटलं आता मारतील. मी जबडा आवळून ठेवला. ते उठले, माझ्याजवळ आले नी चिखलाचं बोट माझ्या बाहीला पुसलं. आई नी ताईसमोर. मग खाली निघून गेले. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं मला.

ताई बांधावर बसली. तोंड मिटून रडली, आवाज नाही, नुसते खांदे. मी जायला निघालो तर म्हणाली थांब. नाक पुसलं, डायरी काढली.

“सुरू कधी केलंस?”

मी म्हटलं, विचार तुझ्या काकांना.

“काका नव्हते इथे. तू होतास. मला राग नंतर येऊ दे, आधी वेळ सांग.”

सांगितली. पाच दहा. एकेका क्यारीला बारा मिनिटं. पाच शेहेचाळीसला लाइट गेली. ती खड्डा करून टेप लावत होती, ओल किती खोल गेली ते बघत होती. तिन्ही क्यारींत बघितलं, मग चौथीत, मग त्या वीतभर हिरव्या कोपऱ्यात. माझ्याकडून परत परत विचारून घेतलं, पाट भरून होता का अर्धा, पाणी थंड होतं का कोमट. विहिरीचं, कोमट होतं, मी म्हटलं. तेही लिहिलं. शेवटी विचारलं, का केलंस. मी म्हटलं, हा तुकडा माझा होता. तिने पान उलटलं. लिहिलं, विपुलने हे पाणी मुद्दाम दिले. माझं नाव त्या डायरीत पहिल्यांदा आलं ते असं.

त्या पानावर दादांनी सही केली नाही. म्हणाले सर बघू देत आधी.

सर मंगळवारी आले. जीपने, अजून दोन गावं करायची होती त्यांना. आईने बटल्याच्या कचोऱ्या केल्या होत्या. अंगणात खुर्ची टाकली, सर बसले ते उठले नाहीत. कचोरी खात डायरी चाळत होते, न वाचता पानामागून पान सह्या करत होते. त्या पानावर त्यांचा हात थांबला. वाचलं. हिंदीत म्हणाले, बेटा, ये सब नहीं लिखते. पाल्यामुळे नुकसान झालं असं लिही नी मोकळी हो, पान बदल. ताई म्हणाली, सर, एकदा बघा ना, दोन मिनिटांवर आहे. सरांनी आपल्या बुटांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, अमझेऱ्याला पोचायचंय.

मला काय झालं कोणाला माहीत. दोन महिने मला तेच तर पाहिजे होतं, की तिचं कोणी बघू नये. पण ती त्या माणसासमोर डायरी धरून उभी होती, तिच्या हातांवर जुन्या फोडांचे घट्टे दिसत होते, नी तो ताटलीत बघत होता.

“चार कचोऱ्यांना टाइम आहे,” मी म्हटलं, “दोन मिनिटांना नाही.”

आईने ताट खाली ठेवलं. सरांनी विचारलं हा कोण. दादा जमिनीकडे बघत होते. ताई म्हणाली, “यानेच पाणी दिलं, सर.”

सर उठले. रागाने उठले असतील, पण आले. बांधावर उभे राहिले. सुरुवातीला बूट सांभाळत होते, मग विसरले, क्यारीत उतरले. उभ्या क्यारीला हात लावला, जळलेल्या क्यारीला लावला, त्या वीतभर हिरव्या तुकड्याशी खाली बसले. बराच वेळ बसले. अमझेऱ्याहून फोन आला, तो कापला.

मग म्हणाले, आता हे मी बघितलं, माझ्या हातात राहिलं नाही. नियम असा आहे. शेतकऱ्याच्या घरानेच मुद्दाम प्रयोग बिघडवला तर ते घर रद्द, दहा आठवडे शून्य. चुकून झालं असेल तर तीन क्यारी मोजायच्या नाहीत, बाकीच्यांवर मार्क मिळतील, चांगले मिळतील. शुक्रवारी कॉलेजात तीन जण हे तपासायला बसतात. या मुलाला घेऊन या. तो स्वतःच्या तोंडाने सांगेल तेच धरू. नी लाल पेनने ‘मुद्दाम’ या शब्दाभोवती गोल करून गेले.

काल संध्याकाळी दादांनी मला ओसरीत बोलावलं. त्यांचा स्वतःचा शर्ट होता हातात, इस्त्री केलेला. म्हणाले, हा घाल उद्या. मी घेतला.

“चुकून झालं म्हण,” ते म्हणाले. “अंधार पडत होता, चिंध्या दिसल्या नाहीत. मुलीचं वर्ष आहे.”

दादा कधी खोटं बोलायला सांगत नाहीत. गावात त्यांची तीच इज्जत आहे. मी दहावीत होतो तेव्हा सोयाबीनच्या काढणीला त्यांनीच मला एक महिना घरी ठेवलं, त्यांची कंबर गेली होती. हजेरी कमी पडली. शाळेतले मोठे सर म्हणाले, आजारी होता अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, परीक्षेला बसवतो. चिठ्ठी मिळत होती, डॉक्टर ओळखीचे होते. दादा म्हणाले, आपण खोटं लिहून घेत नाही. मी परीक्षेला बसलो नाही. पुढच्या वर्षी लहान पोरांबरोबर बसायची लाज वाटली, गेलोच नाही. ही गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नाही.

मी म्हटलं, “माझं पण वर्ष होतं.”

शर्टाची बाही दादांच्या हातातच होती अजून. मग ती सोडली. म्हणाले, वरचं बटण ढिलं आहे, आईकडून लावून घे. नी बटल्याकडे निघून गेले.

ताईने आतून ऐकलं असणार, पत्र्याची भिंत आहे. बाहेर आली, पोत्यावर बसली. मी म्हटलं, तू पण सांग, चुकून म्हणू ना. ती म्हणाली, चुकून म्हटलंस तर मी पास होईन. ते तीन क्यारी सोडून देतील नी पुढचं कोणी विचारणार नाही. पण खरं सांगितलंस, वेळेसकट, तर तीन ओल्या नी एक कोरडी, एकाच मातीत, एकाच थंडीत, हे मला त्यांच्यापुढे ठेवता येईल. दहा आठवड्यांत स्वतः बघून शिकले अशी हीच एक गोष्ट आहे माझ्याकडे, बाकी सगळं काकांनी सांगितलेलं. मी म्हटलं, नी रद्द केलं तर? ती म्हणाली, तर देवास, बँकेचा क्लास. मला भीती वाटते, म्हणाली, पण खरं सांग.

मला परत राग आला. मी खुन्नस काढली, ती पण हिच्या अभ्यासात गेली. माझ्याकडे माझं म्हणून काही राहतच नाही. पोत्यांशेजारी पडून मी हाच विचार करत होतो की तिथे जाऊन काय बोललो तर ते माझं असेल.

आज शुक्रवार. आम्ही फाट्यावर उभे आहोत. ताईने डायरी ओढणीत गुंडाळली आहे. दादा तिची सॅक खांद्यावर घेऊन सोबत आलेत, मला वाटलं नव्हतं येतील. त्यांचा शर्ट मला खांद्यात मोठा होतोय. ती मघापासून माझी तयारी करून घेतेय, तिथे विचारतील तसं.

“सुरू कधी केलंस?”

“पाच दहाला.”

“चिंध्या दिसत होत्या?”

“दिसत होत्या.”

“मग चुकून?”

दादा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी तिच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून म्हटलं, “मुद्दाम.”

त्यांनी सॅक एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. वळणावर बस दिसतेय, ताई हात करतेय. मला आता निघायला पाहिजे.